सेकंड लाइफमध्ये दुकान आणि घर एकाच जागी असावे का?

सुपारीबाग

सेकंड लाइफ या इंटरनेटवरील आभासी जगात नव्याने आलेली मराठी मंडळी हल्ली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. दुकान काढायचे आहे आणि राहायला घरही हवे आहे, तर एकच ऐसपैस प्लॉट घेऊन खाली दुकान आणि वर घर असे करावे का? आपल्याकडच्या पेठांमध्ये हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्यामुळे ही कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. माझे मत मात्र याच्या विरोधात आहे आणि ते सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना या जगाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने २३ जून २००३ रोजी सेकंड लाइफ सर्वांसाठी खुले केले. येथे जिंकण्या-हरण्याचा डाव नाही. घरे, कपडे, केस, झाडे, नावा अशा जवळजवळ सगळ्या वस्तू येथील रहिवाशांनीच तयार केलेल्या असतात, आणि त्यांवरील हक्क करणाऱ्याकडेच राहतील हे कंपनीने त्याच वर्षाअखेर मान्य केले. व्यवहार लिंडन डॉलरमध्ये होतो. एका अमेरिकी डॉलरला साधारण अडीचशे लिंडन मिळतात आणि हा विनिमय उलट दिशेनेही करता येतो, म्हणूनच येथील दुकानदारीला अर्थ आहे. जमीन रीजनमध्ये विभागलेली असते. एक रीजन २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो, आणि त्याचे तुकडे पाडून प्लॉट विकले किंवा भाड्याने दिले जातात.

आता मूळ मुद्दा. सुरुवातीच्या काळात या जगात हव्या त्या ठिकाणी थेट टेलिपोर्ट करता, म्हणजे क्षणात पोहोचता, येत नसे. प्रवासी आधी टेलिहब नावाच्या ठरलेल्या थांब्यावर उतरे आणि तेथून उडत उडत इच्छित स्थळी जाई. साहजिकच टेलिहबच्या आसपासच्या जमिनीला सोन्याचा भाव होता आणि तेथे मॉलांची दाटी झाली होती. २००५ च्या अखेरीस थेट टेलिपोर्ट सुरू झाला आणि मोक्याची जागा हा प्रकारच संपला. टेलिहबजवळ महाग जमिनी घेऊन बसलेल्यांनी इतकी ओरड केली, की कंपनीला त्या जमिनी परत विकत घेण्याची तयारी दाखवावी लागली.

तेव्हापासून दुकानाचा पत्ता निरर्थक झाला आहे. ग्राहक लँडमार्कवर, म्हणजे जागेच्या जतन केलेल्या पत्त्यावर, टिचकी मारतो आणि थेट तुमच्या दारात उभा राहतो. शेजारच्या दुकानातून सहज डोकावायला कोणी येत नाही आणि रस्त्यावरून जाता-येता पाटी वाचून आत शिरणाराही कोणी नसतो. दुकानासाठी एवढेच पाहावे की जागा स्वस्त असावी, रीजन न अडखळता चालावा आणि वस्तू मांडायला पुरेसा लँड इम्पॅक्ट (प्लॉटवरील वस्तूंचा कोटा; प्रत्येक वस्तू त्यातला काही भाग खाते) मिळावा. चार हजार मीटर उंचीवर हवेत तरंगणारा स्कायबॉक्स या कामाला उत्तम आहे. तेथे खिडकीतून काहीही दिसत नाही, पण दुकानात आलेल्याला खिडकीशी काही कर्तव्य नसते.

घराचे गणित याच्या नेमके उलट आहे. घर घेतल्यावर आपण तेथे वावरतो, मित्रांना बोलावतो, पाण्याकडे पाहत बसतो. शेजाऱ्याने उद्या काळाकभिन्न ठोकळा उभा केला तर समुद्र गेलाच म्हणून समजा. त्यामुळे घरासाठी जागा हाच सर्वांत मोठा निकष ठरतो, आणि पैसे खर्च करायचेच असतील तर ते तेथे करावेत. दोन्ही एकाच प्लॉटवर आणले की महाग, सुंदर जागेचे चटई क्षेत्र विक्रीच्या फळ्यांखाली जाते, आणि रात्री अंगणात बसावे तर अनोळखी माणूस येऊन विचारतो की डेमो, म्हणजे वापरून बघायचा नमुना, कुठे आहे.

रिकामटेकडा_नाशिक

मांडणी पटली, पण मग दुकान तरी कशाला हवे? सेकंड लाइफ मार्केटप्लेस ही वेबसाइट आहेच. तेथे वस्तू टाकायला जागेचे भाडे नाही, वीजबिल नाही आणि झाडूपोछा नाही. तुमच्याच तर्काने पत्ता निरर्थक असेल, तर दुकानाची इमारतही निरर्थक ठरते.

सुपारीबाग

हा प्रश्न रास्त आहे, आणि केवळ भाड्याचा विचार केला तर मार्केटप्लेसच स्वस्त पडते. मार्केटप्लेस प्रत्येक विक्रीवर दहा टक्के कमिशन घेते. पूर्वी ते पाच टक्के होते. सेकंड लाइफमधील आपल्या दुकानात झालेल्या विक्रीवर असे कमिशन लागत नाही. महिन्याची उलाढाल एका मर्यादेच्या वर गेली की कमिशनचे पैसे दुकानाच्या भाड्यापेक्षा जास्त होतात. ती मर्यादा ज्याने त्याने आपल्या आकड्यांवरून काढावी.

खरे कारण मात्र मालाच्या स्वरूपात आहे. मी नऊवारी साड्या आणि लाकडी सामान तयार करते. नऊवारीचे उदाहरण घ्या. येथील कपडा म्हणजे शरीराच्या सांगाड्यातील हाडांना बांधलेली जाळी असते. मांडीचे हाड हलले की त्याला बांधलेला कपडा हलतो. पँटला डावा पाय आणि उजवा पाय वेगळा असतो, त्यामुळे काम सोपे जाते. काष्टा मात्र दोन्ही मांड्यांच्या मधून मागे जातो. तो मधला कपडा कोणत्या हाडाला किती प्रमाणात बांधायचा, यावर सगळा खेळ अवलंबून असतो. निम्मा डाव्या आणि निम्मा उजव्या मांडीला बांधला, तर अवतार, म्हणजे पडद्यावरची आपली आकृती, मांडी घालून बसताच काष्टा रबरासारखा ताणला जातो. बहुतांश भार कंबरेच्या हाडाला दिला आणि मांड्यांकडे तो हळूहळू उतरवत नेला, तर बसताना साडी सावरल्यासारखी वाटते, पण चालताना मागचा काष्टा थोडा अंगात शिरतो. हे सगळे प्रत्येक लोकप्रिय बॉडीसाठी, म्हणजे अवताराला घालायच्या तयार शरीरासाठी, नव्याने करावे लागते, कारण मैत्रेया लारासाठी बांधलेली साडी लेगसी बॉडीवर बसत नाही. पदराची कथा आणखी वेगळी आहे आणि ती या धाग्यात नको.

असा कपडा छायाचित्र पाहून कोणी घेत नाही आणि घेऊही नये. डेमो अंगावर चढवून चार पावले चालावे, दुकानातल्या झोपाळ्यावर बसून पाहावे आणि मग ठरवावे. मार्केटप्लेसवरही डेमो मिळतो, परंतु तो घालून बघायला माणूस आपल्या घरी किंवा कुठल्यातरी सँडबॉक्समध्ये, म्हणजे सरावाच्या मोकळ्या जागेत, जातो. तेथे प्रकाश वेगळा असतो, बसण्याची आसने वेगळी असतात, आणि साडी न शोभल्याचे खापर साडीवर फुटते. माझे दुकान म्हणजे खरे तर साडी घालून बघण्याची खोली आहे. विक्रीच्या फळ्या भिंतीवर आहेत, मध्ये झोपाळा, चौरंग आणि दोन प्रकारचे दिवे आहेत. याला स्कायबॉक्स पुरतो.

जुना_भिडू

मी २००६ पासून येथे आहे, त्यामुळे काही जुन्या गोष्टी नोंदवतो. त्या वर्षी मे महिन्यात बिझनेसवीकच्या मुखपृष्ठावर अँशी चुंग या अवताराचे चित्र झळकले आणि सगळ्या जगाला वाटू लागले की येथे पैसा झाडाला लागतो. त्याच वर्षाअखेर तिची येथील मालमत्ता दहा लाख डॉलरच्या वर गेल्याचे जाहीर झाले. परंतु लोकांनी एक गोष्ट नीट वाचली नाही. तिने पैसा कपडे विकून किंवा दुकान मांडून केला नव्हता. जमीन घाऊक घ्यायची, तिला डोंगर आणि किनारे देऊन नीट आखायची आणि तुकड्यांनी भाड्याने द्यायची, हा तिचा धंदा होता. सुपारीबाग यांनी घर आणि दुकान यांत जो फरक सांगितला, तो तिने तेव्हाच ओळखला होता. लोक दुकानासाठी घासाघीस करतात, पण शांत शेजारासाठी दर महिन्याला बिनबोभाट पैसे मोजतात.

दुसरीकडे बाहेरच्या मोठ्या कंपन्यांची दुकाने पाहा. अमेरिकन अपॅरल या कपड्यांच्या कंपनीने २००६ च्या उन्हाळ्यात येथे चकचकीत दुकान काढले आणि साधारण वर्षभराने बंदही केले. इमारत देखणी होती. मात्र येथील रहिवासी आधीच त्यांच्यापेक्षा चांगले कपडे करत होते, आणि दुकानात बोलायला माणूस नसायचा. रिकामे, काचेचे आणि प्रतिध्वनी उमटेल असे वाटणारे ते दालन मी पाहिलेले आहे.

गर्दी दाखवण्याचे उद्योगही त्या काळी भरपूर होते. प्लॉटवर लोक किती वेळ थांबले यावरून ट्रॅफिक नावाचा आकडा निघे आणि शोधयादीत त्या आकड्याला वजन असे. म्हणून दुकानदार अंगणात कॅम्पिंगच्या खुर्च्या मांडत. त्यांवर बसून राहिले की काही मिनिटांनी एखाद-दोन लिंडन मिळत. रांगेने मुटकुळी करून बसलेले अवतार, त्यांच्यामागचा एकही माणूस संगणकासमोर नाही, आणि दुकानदार खूश, कारण आकडा वाढतो आहे! पुढे माणसांऐवजी आपोआप चालणारे बॉट बसवले जाऊ लागले आणि कंपनीला त्याविरुद्ध नियम करावा लागला. त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांनी दुकानातून काही विकत घेतल्याचे मला तरी आठवत नाही.

नोव्हेंबर २००६ मधील कॉपीबॉटचे प्रकरणही दुकानदारांनी माहीत करून घ्यावे. दुसऱ्याच्या वस्तूची हुबेहूब नक्कल करणारे साधन पसरले आणि अनेक दुकानदारांनी निषेध म्हणून दुकाने बंद ठेवली. येथील परवानग्यांची चौकट, म्हणजे कॉपी (प्रती काढणे), मॉडिफाय (बदल करणे) आणि ट्रान्सफर (दुसऱ्याला देणे), ही प्रामाणिक माणसाला वाट दाखवते. चोराला ती पूर्णपणे अडवू शकत नाही.

नवखी_मी

धाग्याबद्दल आभार, सुपारीताई. दुकानाचे अजून दूर आहे, मला आधी घर हवे आहे. मैत्रिणीने लिंडन होम, म्हणजे कंपनीकडूनच मिळणारे घर, घे असे सुचवले आहे. ते भाड्याच्या जमिनीपेक्षा चांगले असते का? आणि घरात छोटेसे टेबल मांडून मेंदीचे टॅटू विकले तर चालेल का?

एडिसनकर

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: चालणार नाही. लिंडन होमच्या नियमांत विक्रीला मनाई आहे, मग टेबल कितीही छोटे असो. त्यामुळे या धाग्याच्या शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर लिंडन होमपुरते कंपनीनेच देऊन टाकले आहे.

आता घराविषयी. प्रीमियम सदस्यत्व घेतले की १०२४ चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरील घर त्यातच मिळते. वर्षाचे एकदम भरले तर ९९ डॉलर पडतात, आणि दर आठवड्याला ३०० लिंडन परत मिळतात. ते वर्षाचे १५,६०० लिंडन होतात, म्हणजे साधारण ६० डॉलर. ही रक्कम वजा केली तर घर वर्षाला साधारण चाळीस डॉलरला पडते, आणि एवढ्या आकाराची भाड्याची जागा या भावात मिळणे कठीण आहे. १०२४ च्या प्लॉटवर वस्तू मांडण्यासाठी ३५१ लँड इम्पॅक्ट मिळतो आणि घराची इमारत त्यातून वजा होत नाही, हा मोठाच फायदा आहे.

जुनी लिंडन होम्स २०१० मध्ये आली होती. ती निम्म्या आकाराची होती आणि एकमेकांना खेटून असत. एप्रिल २०१९ मध्ये बेलिसेरिया हा नवा खंड उघडला आणि चित्र पालटले. पहिल्यांदा पारंपरिक घरे आणि हाउसबोटी आल्या, मग कॅम्पर, व्हिक्टोरियन, लाकडी ओंडक्यांची घरे, पाण्यावर खांब रोवून बांधलेली घरे अशी भर पडत गेली. रस्ते, पूल, पाणवठे आणि दिवे कंपनीच्या बांधकाम विभागाने स्वतः आखलेले आहेत. शेजारी आपल्या हद्दीत काहीही मांडू शकतो, पण घराची इमारत ठरलेल्या नमुन्यांतूनच निवडावी लागत असल्यामुळे सुपारीबाग म्हणतात तो काळा ठोकळा तेथे उभा राहत नाही. घराबाहेरच्या पत्रपेटीवर टिचकी मारली की नमुना बदलता येतो. स्कायबॉक्स हवा असेल तर तो दोन हजार मीटरच्या वर ठेवावा लागतो. घुसखोराला हाकलणारे सुरक्षा यंत्र लावता येते, परंतु त्याने आधी किमान पंधरा सेकंदांची सूचना दिलीच पाहिजे. त्यामुळे नाव वल्हवत जाणारा माणूस अचानक आकाशात भिरकावला जात नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या हातात नसते, ती म्हणजे पत्ता. तुम्ही प्रकार निवडता आणि यंत्रणा रिकामे असेल ते घर देते. न आवडल्यास सोडून पुन्हा नशीब आजमावता येते, पण त्यालाही मर्यादा आहे. पाण्याकाठचे घर मिळावे म्हणून रात्र रात्र बसणारी मंडळी मी पाहिली आहेत. माझे घर रेल्वेच्या रुळांशेजारी आले आणि मी ते ठेवले.

मिरजेचा_सतारवाला

मी खासगी इस्टेटीच्या बाजूने लिहितो, कारण त्याचा अनुभव भल्याबुऱ्या दोन्ही अर्थांनी आला आहे. खासगी इस्टेटीत एक मालक कंपनीकडून अख्खे रीजन घेतो आणि आपल्याला तुकडा देतो. जमिनीच्या माहितीच्या चौकटीत मालक म्हणून आपले नाव लागते आणि मन सुखावते. प्रत्यक्षात आपण भाडेकरूच असतो. कंपनीला पैसे भरणारा तो एकटा असतो, आणि त्याने भरणा थांबवला की रीजनच नाहीसे होते. मी ज्या इस्टेटीत होतो तिचा मालक एके दिवशी कोणालाही न कळवता गायब झाला. आमची भाडी वेळेवर गेलेली होती. तरीही सकाळी घराच्या लँडमार्कवर गेलो तेव्हा ते ठिकाण अस्तित्वातच नसल्याची सूचना आली. माझ्या वाद्यांच्या खोलीतील बहुतेक वस्तू नंतर लॉस्ट अँड फाउंड फोल्डरमध्ये एका गठ्ठ्यात सापडल्या. मांडणी मात्र गेली ती गेलीच.

मालक प्रामाणिक असला तरी तो स्वतःही कोणाचा तरी भाडेकरूच असतो. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने ओपनस्पेस प्रकारच्या, कमी वस्तू मावणाऱ्या रीजनचे मासिक शुल्क ७५ डॉलरवरून १२५ डॉलर करण्याचे जाहीर केले, तेव्हा असंख्य इस्टेट मालकांचे हिशेब एका रात्रीत कोलमडले होते. त्याच गदारोळातून होमस्टेड हा रीजनचा नवा प्रकार आला. उलटही घडते. पूर्ण खासगी रीजनचे शुल्क पूर्वी २९५ डॉलर होते, ते पुढे टप्प्याटप्प्याने २२९ वर आले. त्यातला किती लाभ भाडेकरूंपर्यंत पोहोचला, हे ज्याच्या त्याच्या मालकाला ठाऊक.

असे असूनही मी पुन्हा खासगी इस्टेटीतच आहे. कारण तेथील नियमावली माझ्या बाजूने आहे: आठशे मीटरच्या खाली दुकान नाही, फिरत्या जाहिराती नाहीत, आणि इमारती एकाच धाटणीच्या. जागा घेण्यापूर्वी ही नियमावली शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. मालक किती वर्षे या व्यवसायात आहे ते त्याच्या प्रोफाइलवरून आणि जुन्या भाडेकरूंकडून काढावे, आणि वार्षिक सवलतीच्या मोहात पडून लांबचे भाडे आगाऊ भरू नये. आठवड्याचे भाडे थोडे महाग पडते, पण बुडाले तरी आठवड्याचेच बुडते.

सुपारीबाग

सतारवाले यांनी लिहिलेले अक्षर न् अक्षर खरे आहे. यात मेनलँडविषयी, म्हणजे कंपनीने स्वतः उभारलेल्या खंडांविषयी, भर घालते, कारण तेथे थेट कंपनीकडून जमीन असते आणि मधला मालक नसतो. प्रीमियम सदस्याला १०२४ चौरस मीटरपर्यंत मासिक शुल्क न देता जमीन ठेवता येते. ती लिंडन होमसाठी वापरा किंवा मेनलँडवर. कोणी सोडून दिलेली जमीन शेजारी दिसली तर कंपनीकडे अर्ज करून ती चौरस मीटरला एक लिंडन या भावाने मिळू शकते. घर आणि दुकान दोन्ही करायला येथे मनाई नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे, कारण शेजाऱ्यालाही फारशी मनाई नसते.

मेनलँडवरचा प्लॉट पाहायला जाताना दृश्याचे अंतर वाढवून ठेवावे. नेहमी ते शंभर मीटरच्या आसपास असते, त्यामुळे पलीकडचा मॉल दिसतच नाही आणि जागा रम्य वाटते. शेजारच्या प्रत्येक प्लॉटवर उजवी टिचकी मारून मालक कोण आहे आणि जमीन विक्रीला आहे का ते पाहावे. बाहेरच्यांना अडवणाऱ्या बॅन लाइन जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून हद्दीवरून एक फेरी पायी मारावी. सोळा चौरस मीटरचे चिटुकले तुकडे दिसले तर सावध व्हावे. एके काळी असे तुकडे घेऊन त्यांवर गरगर फिरणारी जाहिरात उभी करायची आणि त्रासलेल्या शेजाऱ्याला तोच तुकडा अवाच्या सवा किमतीला विकायचा, हा राजरोस धंदा होता. नियमांमुळे तो आटोक्यात आला, पण तुकडे काही ठिकाणी अजून आहेत.

पाण्याच्या बाबतीत संरक्षित पाणी आणि खासगी पाणी यांत फरक करावा. कंपनीच्या मालकीचे पाणी किंवा रस्ता प्लॉटला लागून असेल तर त्या बाजूचे दृश्य सहसा कायम राहते. केवळ शेजाऱ्याने आज काही बांधले नाही म्हणून दिसणारे पाणी हे दृश्य नव्हे, ती शेजाऱ्याची मर्जी आहे.

पाणकणीस

मला सुपारीबाग यांच्याशी थोडा वाद घालायचा आहे. मी झाडे, वेली आणि कुंड्या विकते, आणि माझे दुकान माझ्या घराच्या अंगणातच आहे. फळ्या नाहीत. झाड आवडले तर झाडावरच टिचकी मारायची आणि पैसे द्यायचे. लोक खरेदीला येतात, पारावर बसतात, गप्पा मारतात, आणि जाताना एखादा मोगरा घेऊन जातात. तुमच्या स्कायबॉक्समध्ये झाड ठेवले तर ते वखारीतल्या मालासारखे दिसेल. डबक्याकाठी उगवलेले पाणकणीस डबक्याकाठीच विकले जाते. पत्ता निरर्थक झाला हे मान्य, परंतु परिसर निरर्थक झालेला नाही. अनोळखी माणसाने रात्री येऊन डेमो विचारला तर मला आनंदच होतो. मुळात मी येथे माणसांसाठी आले आहे.

सुपारीबाग

तुमच्या मालाला तुमची पद्धत योग्यच आहे, कारण तुमच्याकडे अंगण हीच मांडणी आहे. माझा आक्षेप कपडे, केस, कातडी, दागिने अशा वस्तूंच्या दुकानांना आहे, ज्यांना भिंत आणि फळी पुरते. तरीही एक तांत्रिक गोष्ट विचारते. झाडांच्या पानांचे पारदर्शक पोत फार जड असतात आणि अशा अंगणात दहा ग्राहक आले की हालचाल अडखळू लागते. तुमचे घर त्याच रीजनमध्ये असल्यामुळे त्याचा त्रास तुम्हालाच होत असेल ना?

पाणकणीस

होतो. म्हणून मी झाडाच्या लांबून दिसणाऱ्या, वेगळ्या घडवाव्या लागणाऱ्या साध्या आकृत्यांवर फार मेहनत घेते. अनेक कारागीर जवळची आकृती सुबक करतात आणि दूरच्या आकृतीत आळस करतात. मग लँड इम्पॅक्ट कमी दिसतो, पण वीस पावले मागे गेले की झाडाचे चार त्रिकोण उरतात. ग्राहकाला दुकानात हे कळत नाही, घरी लावल्यावर कळते. तुम्ही झोपाळ्याच्या कड्यांचे काय करता?

सुपारीबाग

पितळी कडी न् कडी घडवली तर एकट्या साखळीचाच लँड इम्पॅक्ट आख्ख्या झोपाळ्यापेक्षा जास्त होतो. म्हणून कड्यांचे चित्र पारदर्शक पट्टीवर काढून अशा दोन पट्ट्या एकमेकींना काटकोनात छेदतात. पाटाला लागलेल्या शेवटच्या दोन कड्या मात्र खऱ्या घडवलेल्या असतात, कारण हात तेथे जातो आणि नजरही.

जुना_भिडू

वस्तूवर ट्रान्सफर द्यायची की कॉपी, यावर कोणीच लिहिले नाही. पैसे टाकले की नशिबाने एखादी वस्तू देणारी गाचा यंत्रे होती तोवर ट्रान्सफर होणाऱ्या वस्तूंचा दुय्यम बाजार तेजीत होता. लोक नशिबाने निघालेल्या आणि नको असलेल्या वस्तू आपल्या अंगणात मांडून विकत. २०२१ च्या ऑगस्टअखेर कंपनीने गाचा बंद केली, आणि पुढची वस्तू कोणती निघणार हे आधी दाखवणारी यंत्रे आली. नशिबाचा भाग गेला तसा तो बाजारही आटला. आता घरसामान विकणाऱ्याने माझ्या मते कॉपी द्यावी. माणसाला एकाच प्रकारच्या चार खुर्च्या हव्या असतात, आणि मांडताना वस्तू हरवली तर तो तुमच्याकडेच रडत येतो. भेट देण्याची सोय विक्रीच्या यंत्रातच असते, त्यासाठी ट्रान्सफरची गरज उरत नाही.

नवखी_मी

सर्वांचे आभार. मी आधी लिंडन होम घेते, आणि मेंदी मार्केटप्लेसवर टाकून पाहते. शेवटचे दोन प्रश्न आहेत. भारतातून पैसे भरताना आणि काढताना काय लक्षात ठेवावे? आणि ते सेल, इव्हेंट वगैरे आपल्याला जमतात का?

एडिसनकर

मी इकडे अमेरिकेत असलो तरी धाकटा भाऊ पुण्याहून वापरतो, त्याच्या अनुभवावरून सांगतो. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती देयकांचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले आहेत, त्यामुळे परदेशी सदस्यत्वाचे पैसे भारतीय कार्डावरून दर महिन्याला आपोआप जातीलच असे धरून चालू नये. वर्षाचे एकदम भरावे आणि नूतनीकरणाची तारीख आपणच लिहून ठेवावी, कारण प्रीमियम संपले की घर परत जाते. पैसे काढण्यासाठी टिलिया या पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपनीकडे ओळखीची कागदपत्रे द्यावी लागतात. ते काम पहिली विक्री होण्याआधीच उरकावे. मिळणारी रक्कम हे तुमचे उत्पन्न आहे आणि ते विवरणपत्रात दाखवावे लागते, त्यामुळे सीएंना आधीच विचारा. त्यांना मेंदीचा आभासी टॅटू म्हणजे काय हे समजावणे, हा स्वतंत्र कार्यक्रम असतो.

इव्हेंटबद्दल सांगायचे तर येथील घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे चालते. दुपारी बाराला उघडणारा इव्हेंट भारतात उन्हाळ्यात रात्री साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला उघडतो. पहिल्या दिवशी गर्दीमुळे आत शिरताच येत नाही, हे त्यातल्या त्यात चांगले. तुम्ही झोपा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा. त्या वेळी अमेरिकेत रात्र उतरलेली असते आणि रीजनमध्ये बऱ्यापैकी जागा मिळते.

सुपारीबाग

मेंदी मार्केटप्लेसवर टाकताना एक पाहा. आता कातडीवरचे टॅटू बेक्स ऑन मेश या, चित्र थेट बॉडीवर उमटवणाऱ्या सोयीमुळे बहुतेक सगळ्या बॉडींवर चालतात, त्यामुळे साडीसारखी प्रत्येक बॉडीसाठी वेगळी प्रत करावी लागणार नाही. जुन्या रचनेत डावा आणि उजवा हात एकच चित्र वापरतात, म्हणजे दोन्ही तळव्यांवर आरशातल्यासारखी एकच नक्षी उमटते. नक्षी आखण्यापूर्वीच हे लक्षात घ्या, आणि वर्णनात तसे स्पष्ट लिहा. डेमोवर आडवे शब्द छापताना ते तळव्याच्या मधोमध येऊ देऊ नका, मनगटाकडे घ्या. बघायची नक्षी तळव्यावरच असते.